झोपेतून जाग येते आणि छाती धडधडत असते: तुमचे अनुभव

रात्री-पहाटे धडधडीने जाग येणं कुणी अनुभवलंय? कारण काय निघालं, कोणत्या तपासण्या झाल्या, ते सविस्तर लिहा. मात्र धडधडीबरोबर छातीत दुखत असेल, दम लागत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर लिहीत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

*

माझी धडधड बटण दाबल्यासारखी सुरू व्हायची आणि तशीच थांबायची. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत, ईसीजी नॉर्मल, आणि "टेन्शन घेऊ नका" ऐकून परत. एका पहाटे ती थांबेचना, तेव्हा कॅज्युअल्टीत ईसीजीची पट्टी निघाली: ठोके १८०. एसव्हीटी निघाला, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून अचानक सुरू होणारी अतिवेगवान धडधड. पुढे ॲब्लेशन केलं (नसेतून बारीक तार घालून हृदयातली बिघडलेली जागा निकामी करतात), आता निवांत झोपते. धडधड चालू असताना निघालेला ईसीजीच खरं सांगतो. ती सारखी हुलकावणी देत असेल तर होल्टरबद्दल विचारा. ते यंत्र २४ तास किंवा त्याहून जास्त काळ अंगावर राहतं आणि ठोके नोंदवतं.

*

नाडी मोजायला घरच्या सगळ्यांनी शिकावं, असं मला फार वाटतं. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटं ठेवायची, पूर्ण मिनिट मोजायचं. शांत पडलेल्या मोठ्या माणसाचे ठोके साधारण ६० ते १००. पण आकड्याइतकाच ताल बघा. बाबांचे ठोके ११०च्या आसपासच होते, पण दोन-तीन भराभर, मग खंड, मग पुन्हा धावपळ. त्यांना स्वतःला जेमतेम जाणवत होतं. एट्रियल फिब्रिलेशन होतं, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडलेला. त्यात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, म्हणून रक्त पातळ राहण्याची गोळी सुरू झाली.

*

माझं थायरॉईड निघालं. हात थरथरायचे, खाणं व्यवस्थित असून वजन उतरत होतं. टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) अगदी खाली, म्हणजे थायरॉईड जास्त काम करत होतं. हिमोग्लोबिनही बघून घ्या, ते कमी असलं तरी धडधडतं.

*

आईला इन्सुलिन चालू आहे. रात्री ती घामाने चिंब, छाती धडधडतेय, बोलणं असंबद्ध. साखर ५८! पाण्यातून १५ ग्रॅम ग्लुकोज दिलं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासली. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रात्रीचा डोस कमी केला.

*

माझे सगळे रिपोर्ट चांगले आले. झोपेतले पॅनिक अटॅक होते. समुपदेशनाने पुष्कळ फरक पडला. पण "मनाचं आहे" हे तपासण्या झाल्यावर ठरू द्या, आधी नाही.

*

ह्यांचं घोरणं मध्येच थांबायचं, मग गुदमरल्यासारखे धडधडत उठायचे. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास मध्येच थांबण्याचा आजार. आता सीपॅप (श्वासमार्ग उघडा ठेवायला हवेचा दाब देणारं यंत्र) लावून झोपतात.

*

एक राहिलं: घरात कुणी तरुणपणीच अचानक गेलं असेल, तर ते डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आधी सांगा. माझ्या बाबतीत पुढच्या तपासण्या त्या एका माहितीवरून ठरल्या.