गलबत म्हणजे मोठं जहाज? कुणी सांगितलं?

खारा वारा:
परवा भाच्याच्या शाळेतल्या नाटकात इंग्रजांच्या भल्यामोठ्या युद्धनौकेला ‘गलबत’ म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. अरे, मराठा आरमारात गलबत म्हणजे लहान, चपळ, वल्ह्यांवर पळणारं, मोठी ती गुराब. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या दर सुभ्याला, म्हणजे तुकडीला, ५ गुराबा आणि १५ गलबतं असा हिशोब आहे, म्हणजे जाती वेगळ्या झाल्या ना! उद्या ट्रकला पण रिक्षा म्हणा.

देवगडचा दादू:
ट्रक-रिक्षा काय, उगाच. आमच्या जुन्या घरावरची मंगलोरी कौलं गलबतातनं आली असं आजोबा सांगायचे, त्यात तोफा होत्या काय? शिडाचं मोठं तारू, माल भरा नि चला, त्यांच्यासाठी ते गलबतच. शब्द लोकांच्या तोंडात वाढतो, दप्तरात नाही.

खारा वारा:
तुमचं ते मालाचं तारू, इथे भलीमोठी युद्धनौका! आंग्र्यांची गलबतं ७० टनांच्या वर क्वचितच जायची, ४०-५० वल्ही, आणि वारा पडला की गुराबेला दोर बांधून हीच ओढत न्यायची. ओढणारं नि ओढून नेलं जाणारं एकच कसं? इंग्रजांनीसुद्धा गुराबेला ग्रॅब आणि गलबताला गॅलिव्हॅट असे दोन शब्द उचलले.

मुंबईची माय:
दोघंही ‘खरा मराठी अर्थ’ म्हणून भांडताय, गंमत वाटते. गुराब अरबी, मूळ अर्थ कावळा. ‘आरमार’ हा शब्द पोर्तुगीजांकडनं आला असं मानतात, फरगात हे जहाजाचं नाव तर सरळ त्यांचाच फ्रागाता. गलबताचा संबंधही बरेच जण गालेओटा या पोर्तुगीज जहाजाच्या नावाशी जोडतात. बाहेरून येताना अर्थ बदलला तो चालला आणि नंतर बदलला की लगेच चूक?

देवगडचा दादू:
हे बरोबर बोललात ताई.

खारा वारा:
शब्द कुठूनही येऊ दे हो, मी १८व्या शतकाबद्दल बोलतोय. नाटक त्या काळातलं, तर शब्दही त्या काळातला हवा, कौलांच्या काळातला नाही. तरी भाच्याला म्हटलं, एवढं मोठं जहाज दाखवायचंय तर ‘पाल’ म्हण, आपल्या आरमारातली सगळ्यात मोठी तीच. तर म्हणतो, मामा, पाल म्हटलं की अख्खा वर्ग भिंतीकडे बघेल.