एव्हरेस्ट बेस कॅम्प: कार्यक्रमात विश्रांतीचा एकही दिवस नाही, सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

वय ५१, राहणार नाशिक. रोज पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या, महिन्यातून एकदा अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी, पाऊस सरला की कळसूबाई. पायांची काळजी नाही. दिवाळीनंतर मी, हे (वय ५६) आणि नणंद असे तिघं एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालोय. पैसे भरून झालेत. काल कार्यक्रमाचा कागद आला आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

पहिल्या दिवशी विमानाने लुक्ला (२८६० मीटर) आणि चालत खाली फाकदिंग (२६१०). दुसऱ्या दिवशी नामचे बाजार (३४४०), मग तेंगबोचे (३८६०), दिंगबोचे (४४१०), लोबुचे (४९४०) आणि सहाव्या दिवशी बेस कॅम्प (५३६४). मध्ये थांबणं नाहीच. आपलं कळसूबाई, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर. एवढ्या उंचीचा सराव इथे करणार तरी कुठे?

भीती उगाच नाही. दोन वर्षांपूर्वी विमानाने थेट लेहला गेलो होतो, साधारण ३५०० मीटरवर. संध्याकाळी बुटाची नाडी सोडायला वाकले तर कानशिलं अशी ठणकली की पलंगाचा कठडा धरून बसले. रात्री दोनदा उलटी. सकाळी सगळ्यांनी विचारलं तेव्हा 'पित्त झालंय' म्हणून सांगितलं. बाराजणांचा गट, गाडी दारात उभी, माझ्यापायी सगळ्यांचा खोळंबा नको वाटला. त्याच दिवशी खारदुंग ला ही लेहहून बरीच उंच खिंड ओलांडली. वर बाकीचे फोटो काढायला उतरले, मी काचेला डोकं टेकून बसून होते. नणंद काहीतरी विचारत होती, शब्द कळत होते, पण उत्तर जुळवता येईना. नुब्रा खोरं लेहपेक्षा खाली आहे. तिथे पोचल्यावर संध्याकाळपर्यंत डोकं मोकळं झालं. पित्त शमलं असंच तेव्हा वाटलं. आता वाचल्यावर कळतंय की उंची कमी झाली म्हणून मी वाचले.

आयोजक म्हणतात, 'तुम्ही फिट आहात, डायमॉक्स (विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी) घ्या, काही होत नाही.' मला लहानपणी सल्फाच्या गोळीने अंगावर पुरळ आलं होतं, आणि डायमॉक्सही सल्फाचीच म्हणतात. यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. कार्यक्रमात किती दिवस वाढवून मागू? गोळीचं काय करू? आणि डोकं दुखायला लागलं तर 'आता थांबायचं' हे नेमकं कधी ठरवायचं?

---

प्रतिसाद १

ताई, मी दोनदा जाऊन आलोय. हा कागद परत पाठवा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच राहावं, असा नियम आहे. फाकदिंग ते नामचे हीच उडी आठशे मीटरची आहे. म्हणून नामचेला दोन रात्री आणि दिंगबोचेला दोन रात्री, यात तडजोड करू नका. थांबायच्या दिवशी खोलीत लोळायचं नाही. नामचेहून स्यांगबोचेपर्यंत हळूहळू चढून या, दिंगबोचेला मागच्या टेकडीवर जमेल तेवढं चढा आणि झोपायला खाली या. शिवाय लुक्ल्याची विमानं हवेमुळे सर्रास रद्द होतात, परतीला दोन दिवस हाताशी ठेवा. विम्यात हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च आहे का आणि तो किती मीटरपर्यंत, हे पॉलिसीच्या कागदावर वाचा. तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

---

प्रतिसाद २

मी डॉक्टर आहे, पण तुम्हाला तपासलेलं नाही, तेव्हा हे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा.

आधी एक सांगते: फिट असण्याचा आणि विरळ हवा सोसण्याचा संबंध नाही. उलट दमदार माणसं भराभर चढतात आणि आजारी पडतात. लेहला तुम्हाला त्रास झाला होता, तेव्हा पुन्हा होण्याची शक्यता जास्त धरूनच चला.

डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. बचावासाठी मोठ्यांना बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फाच्या अँटिबायोटिकची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना ती चालते, पण तेव्हा नुसतं पुरळ होतं की तोंड सुजलं, श्वास अडकला, कातडीला फोड आले, हे आईला विचारा. तसं काही झालं असेल तर ही गोळी नको. नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घरीच एकदा घेऊन पाहता येईल. बोटांना मुंग्या येतील, लघवीला वारंवार जावं लागेल, ते अपेक्षितच आहे. यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे का, तेही बघून घ्या.

थांबायचं कधी? नुसतं डोकं दुखतंय, मळमळतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. तिथेच राहूनही वाढलं तर खाली. सरळ रेषेत, टाचेला चवडा लावत चालता येत नसेल, बोलणं भरकटत असेल, तर तो मेंदूला सूज येण्याचा इशारा. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला थांबत नसेल, तर फुप्फुसात पाणी. या दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी सोबत माणूस देऊन उतरवायचं. गाडीत तुम्हाला उत्तर जुळवता येत नव्हतं ना, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला.

झोपेची गोळी आणि दारू वर्ज्य. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका, गार बोटांवर आकडे चुकतात.

---

प्रतिसाद ३

दिंगबोचेहून धार ओलांडली की फेरिचे. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, संस्था १९७३ पासूनची. मोसमात तिथे उंचीच्या आजारावर माहितीही सांगतात, तिघांनी जरूर ऐका.

आणि ताई, रोज रात्री जेवताना तिघांनी एकमेकांना विचारायचं: डोकं? भूक? झोप? 'पित्त' हे उत्तर चालणार नाही, हे आत्ताच ठरवा.

---

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला फोन केला. नुसतं पुरळच होतं, दोन दिवसांत गेलं. यांच्या गोळीत लघवीचं औषध निघालं, मंगळवारी दोघांना दाखवायचंय. आयोजकांनी नामचेचा दिवस मान्य केला, दिंगबोचेचा अजून नाही. दिला नाही तर पैसे परत मागणार आहे. नणंदेला कालच लेहचं खरं सांगितलं. ती म्हणाली, 'वहिनी, मला तेव्हाच वाटलं होतं, पण तुम्ही पित्त म्हणालात म्हणून मी गप्प बसले.'

एकच राहिलं: मला मधूनच उतरावं लागलं तर सोबत येणारा माणूस कोण, हे आयोजकांकडून आधीच लिहून घेता येतं का?