हृदयाचे ठोके वाढले नाहीत म्हणून चालणं बंद करू नका

तुम्ही विचारलंय, तुमचे निवृत्त सुभेदार मामा रोज साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला चढतात तरी मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके मिनिटाला 95च्या वर जात नाहीत, मग फायदा काय? मामा मेटोप्रोलॉल ही बीपी-हृदयाची गोळी घेतात हे तुम्हीच लिहिलंय, उत्तर त्यातच आहे. ही गोळी ठोके रोखूनच धरते. त्यांना जास्तीत जास्त ठोक्यांचं 220 वजा वय हे गणित लावू नका. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम पुरे.

चढताना रक्तदाबाचा वरचा आकडा वाढणारच. खालचा फारसा हलत नाही. चालून झाल्यावर काही तास प्रेशर नेहमीपेक्षा खाली राहतं. चालणं संपवताना एकदम थांबू नये, हळूहळू थांबावं, नाहीतर चक्कर येते. नियमित चालण्यानं बीपीवाल्यांचा वरचा आकडा साधारण 5 ते 8 नं उतरतो.

मला खरी काळजी जोर-बैठकांची वाटते. श्वास कोंडून जोर मारला की प्रेशर क्षणात चढतं. आणि अपशिंग्यासारख्या फौजी गावांतली आपली माणसं दुखणं अंगावर काढतात हो! छातीत दडपण आलं की तिथंच थांबायचं, हे त्यांना बजावून सांगा. मधुमेह असेल तर छाती न दुखताही नुसताच दम लागू शकतो, तेव्हाही थांबून डॉक्टरांकडे न्या.