वजन वाढलं नसलं तरी दुसरं ऑपरेशन लागू शकतं
कोणीतरी लिहिलंय की वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर दुसरं ऑपरेशन पथ्य न पाळणाऱ्यांनाच लागतं. अजिबात पटलं नाही. माझ्या मावशीचं वजन छान आटोक्यात होतं, पण स्लीव्हनंतर (जठराचा मोठा भाग काढून टाकायचं ऑपरेशन) काही वर्षांनी रात्री आडवं पडलं की आंबट पाणी घशाशी यायचं, बिचारी उशांना टेकून बसूनच झोपायची, गोळ्यांनी भागेना. स्लीव्हमध्ये जठराची अरुंद नळी उरते, आत दाब वाढतो नि आम्ल वर चढतं, यात पेशंटचा काय दोष? एंडोस्कोपीत हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं) दिसला, मग तो दुरुस्त करून रू-एन-वाय बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडणं) केलं, जळजळ थांबली.

आता गुडघे दुखले तरी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक बंद, कारण बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो. साध्या तापासाठी दवाखान्यात गेलात तरी बायपास झालंय हे आधी सांगा.