नवीन फ्लॅटची घरपट्टी : विशेष नोटिशीतले आकडे कसे तपासायचे? (नाशिक मनपा)

पाथर्डी_फाटा
नमस्कार. पाथर्डी फाट्याजवळच्या नवीन इमारतीतल्या आमच्या फ्लॅटसाठी मनपाच्या विविध कर विभागाची विशेष नोटीस आली आहे. त्यात क्षेत्रफळ, वार्षिक भाडेमूल्य, करयोग्य मूल्य असे रकाने आहेत. फ्लॅट भाड्याने दिलेलाच नाही, मग भाडेमूल्य कशाचं? शेजारच्या जुन्या सोसायटीत तेवढ्याच फ्लॅटला बरीच कमी घरपट्टी आहे. रेडी रेकनर (मिळकतीच्या किमतीचा सरकारी दर) वाढला म्हणून हे झालंय का? आणि हरकत घ्यायची तर कशावर?

द्वारका_सर्कल
रेडी रेकनरचा इथे संबंध नाही. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर (म्हणजे मिळकतीच्या किमतीवर) कर लागतो, तिथे रेकनरचा दर हिशेबात येतो. नाशिकची घरपट्टी भाडेमूल्यावर आहे. ही जागा वर्षभर भाड्याने दिली तर वाजवी भाडं किती येईल, एवढंच कायदा विचारतो. घरात तुम्ही स्वतः राहत असलात तरी हेच लागू. प्रत्येक घरासाठी वेगळं भाडं काढत बसत नाहीत. बांधकामाचा प्रकार (आरसीसी, साधं, पत्र्याचं) आणि वापर पाहून आयुक्तांच्या आदेशाने दर ठरलेले असतात.

जुन्या सोसायटीशी फरक पडतो तो इथेच. १ एप्रिल २०१८ पासून नव्याने आकारणी होणाऱ्या मिळकतींना वाढीव मूल्यदर लागले. त्याआधी रजिस्टरला चढलेल्या मिळकती जुन्याच दराने चालत आल्या. त्यामुळे ‘शेजाऱ्याला कमी आहे’ हा मुद्दा सुनावणीत टिकत नाही. तुलना करायची तर स्वतःच्याच इमारतीतल्या, त्याच वर्षी आकारणी झालेल्या फ्लॅटशी करा.

हिशेब असा. खालचे दर आणि टक्के फक्त समजण्यापुरते धरलेत, तुमचे खरे आकडे नोटिशीत आणि बिलात असतील. क्षेत्र ६० चौ.मी., मासिक दर समजा २० रुपये. ६० × २० × १२ = १४,४०० हे वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के सरसकट वजा होतात : १४,४०० − १,४४० = १२,९६०. हे करयोग्य मूल्य. सामान्य कर, मलप्रवाह, अग्निशमन, वृक्षकर, शिक्षणकर वगैरेंचे टक्के याच आकड्यावर लागतात. सगळ्यांची बेरीज ४० टक्के धरली तर वर्षाला ५,१८४ रुपये. ती १० टक्क्यांची वजावट झाली आहे ना, हे आधी बघा. रोजगार हमी कर फक्त बिगरनिवासी वापराला लागतो. राहत्या फ्लॅटच्या बिलात तो दिसला, तर वापराची नोंदच चुकली आहे असं समजा.

गुणाकार सहसा बरोबरच असतो, घोळ होतो तो क्षेत्रफळाच्या रकान्यात. करारनाम्यात रेराचं (घरबांधणी नियमन कायद्यातलं) कार्पेट असतं. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. मंजूर नकाशात बिल्टअप, म्हणजे बाहेरच्या भिंतींसकटचं क्षेत्र असतं. तेव्हा नोटिशीत कोणतं क्षेत्र धरलंय ते विचारून घ्या, टेप लावून प्रत्येक खोली मोजा आणि १ चौ.मी. = १०.७६४ चौ.फू. या हिशेबाने ताडून पाहा. पार्किंग, टेरेस किंवा जिन्याचा भाग तुमच्या नावावर पूर्ण दराने चढला असेल तर तो वेगळा दाखवा.

मनपा_अपील
वरच्या उत्तरात हरकतीचं राहिलं. ‘कर फार आहे’ असं लिहिलेला अर्ज फेटाळला जातो, कारण दर बदलणं सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात नसतं. क्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार आणि आकारणीची तारीख या चार नोंदींवर बोला, आणि प्रत्येकीमागे कागद लावा : मंजूर नकाशा, भोगवटा दाखला (इमारत वापरायला मनपाने दिलेली परवानगी), इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मोजमापाचा तक्ता. तारखेकडे फार दुर्लक्ष होतं. भोगवटा दाखल्याच्या आधीच्या काळापासून आकारणी दाखवली असेल, तर ती कशाच्या आधारे, हे लेखी विचारा.

अर्ज नोटिशीत छापलेल्या मुदतीतच द्या. आपल्या विभागीय कार्यालयात (पाथर्डी फाटा म्हणजे नवीन नाशिक, सिडको) आवक शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय परत येऊ नका. ही प्रत पुढेही लागते : महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील करायचं तर आधी हरकत घेतलेली असावी लागते, अपील १५ दिवसांत दाखल करावं लागतं आणि मागणीची रक्कम मनपाकडे भरलेली असावी लागते. मुदत गेली की रास्त मुद्दासुद्धा ऐकला जात नाही. लोक इथेच हरतात, आणि याचं फार वाईट वाटतं.

इंदिरानगर_ब
माझा जोडप्रश्न : खरेदीखत नोंदवलं तरी बिल बिल्डरच्याच नावाने येतं. ते आपोआप बदलत नाही का?

द्वारका_सर्कल
नाही. दुय्यम निबंधकाकडची नोंद आणि मनपाचं कर रजिस्टर वेगळं आहे. हस्तांतराची सूचना तीन महिन्यांत मनपाला द्यायची असते. इंडेक्स टू, खरेदीखताची प्रत आणि थकबाकी नसल्याची पावती घेऊन नाव लावायचा अर्ज करा, त्यावर मिळकतीचा इंडेक्स नंबर (घरपट्टीच्या बिलावरचा मनपाचा क्रमांक, इंडेक्स टू नव्हे) लिहा. आधीच्या मालकाची थकबाकी मिळकतीवरच राहते, म्हणून सौदा होण्याआधीच त्या नंबरावर ऑनलाइन बाकी बघा. नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं मात्र नाही, घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे.

मनपा_अपील
हरकत प्रलंबित असली तरी बिल थकवू नका. सहामाही १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला सुरू होते, आणि बिलाची मुदत उलटली की दरमहा २ टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला २४. रक्कम ‘हरकतीस अधीन राहून’ असं पत्र देऊन भरा. आकारणी कमी झाली तर फरक पुढच्या बिलात वळता करून मागता येतो.

घर देवळाली कॅम्पात असेल तर हे काही लागू नाही, तिथे कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे जावं लागतं.