पद्मिनी घेऊन आंबोलीमार्गे गोवा, जमेल का?

निळी_पद्मिनी:
मंडळी, बाबांची १९८७ची प्रीमियर पद्मिनी आहे, शहरात रोज चालते पण लांब कधी नेली नाही. दिवाळीनंतर पुण्याहून निपाणी-आजरा-आंबोली करत गोव्याला जायचंय. मागच्या महिन्यात खंबाटकी चढताना अचानक बंद पडली, सेल्फ फिरतोय पण गाडी काही उचलेना, मग अर्ध्या तासाने काहीच न करता चालू झाली!! मेकॅनिक म्हणतो कार्ब्युरेटर बदला. बदलू का?

घाटवेडा:
अजिबात नको. व्हेपर लॉक वाटतोय. हिचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला, त्यात घाटात दुसऱ्या गिअरवर रडतखडत चढायचं, हवा लागत नाही, मग पेट्रोलची आतच वाफ होते आणि पंपाला वाफ काही ओढता येत नाही. ओलं फडकं पंपावर टाकायचं नि गप चहा प्यायचा. पण कंडेन्सर (एसीचा नाही, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटला जोडलेला, ठिणगी नीट पडायला लागतो तो) तापून मेला तरी सेम असंच होतं, म्हणून डिकीत एक जादा स्पार्क प्लग ठेवा. बंद पडली की तो प्लगच्या वायरला लावून इंजिनला टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ठिणगी कडक निळी आली तर पेट्रोलचा लोचा, पिवळट मरतुकडी आली तर कंडेन्सर नाहीतर पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क).

जुनं_लोखंड:
रबरी पेट्रोल पाइप सगळे बदला हो आधी, २० टक्के इथेनॉलने जुनं रबर खराब होतं, माझा गळत होता ते वासावरून कळलं, नशीब. आणि इलेक्ट्रिक पंप टाकून मोकळे व्हा.

घाटवेडा:
टाकाल तर कमी प्रेशरचाच. फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीचा जास्त प्रेशरचा लावला तर कार्ब्युरेटर ओसंडून वाहील.

कोल्हापुरी_काका:
पोरांनो, चढायचं बोलताय, उतरायचं कोण बघणार? चारी चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आंबोली न्यूट्रलवर उतरलात तर ब्रेक तापून लागायचेच नाहीत. दुसऱ्या गिअरवर उतरा. आमचा एकदा आजऱ्याच्या पुढं फॅनबेल्ट तुटला, काटा पार लालमध्ये. जादा पट्टा होता की, पण पाना घरी! दोन तास बसलो, मग एका ट्रॅक्टरवाल्यानं पाना दिला. आणि तापल्या रेडिएटरचं झाकण उघडू नका, हात भाजतो.

निळी_पद्मिनी:
धन्यवाद काका, पाने आजच डिकीत टाकतो. बाबा म्हणतायत रात्री निघू, घाट गार मिळेल.

कोल्हापुरी_काका:
बाबांना सांग, धुकं लागलं तर पद्मिनीच्या हेडलाइटपेक्षा आमचा कंदील बरा. पहाटे निघा, जेवायला आमच्याकडं.