हॉटेलात बाबांच्या पंचाहत्तरीचा विचका, वर सर्व्हिस चार्ज. पैसे परत कसे मिळतील? (तातडीने मदत हवी आहे)

अनघा_पुणे | रविवार, रात्री ९:१०

काल बाबांची पंचाहत्तरी होती. घरचे चौदाजण हॉटेलात जेवायला गेलो. आठचं टेबल सांगून ठेवलं होतं, बसायला मिळालं नऊ वाजता. मग स्टार्टर, भाज्या, रोट्या सगळं एकदमच आणून मांडलं. रोट्या गार, पनीरला आंबूस वास. वाढताना वेटरच्या हातून आईच्या साडीवर ग्रेव्ही सांडली, कुणी साधं सॉरीही म्हटलं नाही. आणि एवढं होऊन बिलात सर्व्हिस चार्ज! कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या प्रमुखाला, विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तो सिस्टीममध्येच येतो, काढता येत नाही."

हे पैसे परत मिळतात का? तक्रार कुठे करायची? मला उद्या अकराच्या आत उत्तर द्यायचंय, तेव्हा प्लीज लवकर सांगा. "पुन्हा तिथे जाऊ नका" असं कृपया लिहू नका, ते ठरलंच आहे.

सदाशिवकाका | ९:२२

बिल किती झालं? पैसे भरलेत की तसेच उठून आलात? बिल जवळ आहे का? तक्रार जागेवर केलीत की घरी आल्यावर सुचली? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार? आणि अकरा वाजता उत्तर द्यायचंय ते कोणाला?

मंजिरी_डोंबिवली | ९:२५

साडी कोणती ते लिहिलं नाहीस. रेशमी असेल तर घरी पाणी लावू नकोस. डागावर टाल्कम पावडर भुरभुरून रात्रभर ठेव, वरचं तेल शोषलं जातं. सकाळी हलक्या हाताने झटक आणि ड्रायक्लीनला देताना हळदीचा डाग आहे हे दुकानात आवर्जून सांग. माझ्या बहिणीच्या पैठणीवर मुंजीत आमटी सांडली होती. तिने घाईघाईत साबण लावला आणि पिवळा डाग लाल होऊन बसला.

रांगडा_कोल्हापूरकर | ९:३१

आठचं टेबल नवाला मिळतंय म्हटल्यावर तिथनं उठायचंच की. चौदा माणसं एकदम उठली असती तर मालक पळत आला असता. आमच्याकडं असं झालं तर पाहुणे घरी न्यायचे, तासाभरात तांबडा-पांढरा तयार.

अनघा_पुणे | ९:४०

दादा, पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला तासभर बाकावर बसवल्यावर पुन्हा रिक्षा शोधत कुठे नेणार? आणि आमच्याकडे सगळे शाकाहारी आहेत.

काका, बिल जवळ आहे. पदार्थ ९,६४०. सर्व्हिस चार्ज १० टक्के, म्हणजे ९६४. मग सीजीएसटी २६५.१० आणि एसजीएसटी २६५.१०. एकूण ११,१३४. यूपीआयने भरले. भरले कारण बाबा समोर बसले होते. मी आवाज चढवला की त्यांनी टेबलाखालून माझा हात दाबला. "चालतंय गं, राहू दे." त्यांनी पनीरचा एक तुकडा तोंडात घालून हळूच कागदी रुमालात काढून ठेवला आणि मग नुसता दहीभात खाल्ला. मी ते बघत होते, म्हणून आता गप्प बसवत नाहीये.

निषाद | ९:५२

पैसे मागता येतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ला मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हॉटेलने सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, ग्राहकावर सक्ती करायची नाही आणि तो बेरजेत धरून त्यावर जीएसटी घ्यायचा नाही. तुमच्या बिलात नेमकं तेच केलंय. ९,६४०वर पाच टक्के जीएसटी ४८२ होतो, तुमच्याकडून ५३०.२० घेतला. म्हणजे ९६४ अधिक ४८.२०, असे १,०१२.२० जास्त गेलेत. तेवढे मागा, नुसते ९६४ नाही.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. सकाळी आठ ते रात्री आठ चालते, मराठीत बोलता येतं. बिलाचा फोटो तयार ठेवा.

सदाशिवकाका | १०:०१

निषाद, अर्धवट माहिती देऊ नका. त्या सूचनांना दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात स्थगिती दिली होती. माझ्या पुतण्याने डेक्कनला हाच वाद घातला, तेव्हा मॅनेजरने स्थगितीचा कागदच दाखवला.

निषाद | १०:०८

काका, स्थगिती होती हे खरं, पण २८ मार्च २०२५ला त्याच न्यायालयाने हॉटेलवाल्या संघटनांच्या याचिका फेटाळल्या, दोघींना प्रत्येकी लाखाचा खर्चही लावला आणि सूचना कायम केल्या. संघटना अपिलात गेल्या आहेत, पण आज दाखवायचा कागद २०२५चा आहे.

सदाशिवकाका | १०:१५

तो निकाल माझ्या वाचनात नव्हता. पण निकाल दिल्लीचा. पुण्यातला मालक म्हणेल, मला काय त्याचं?

निषाद | १०:१९

सूचना काढणारं प्राधिकरण केंद्राचं आहे, त्या देशभर लागू आहेत. खटला दिल्लीत चालला एवढंच. त्याच सूचनांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी तक्रार देता येते.

एक_प्रवासी | १०:२२

पाण्याच्या बाटल्या घेतल्या होत्या का? एमआरपीपेक्षा जास्त लावले असतील तर तीही तक्रार करा, ते बेकायदा आहे.

निषाद | १०:२५

दुकानात बेकायदा, बसून जेवायच्या हॉटेलात नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये तसं सांगितलंय, कारण तिथे नुसती बाटली विकत नाहीत, टेबल, पंखा, वाढप सगळं त्यात येतं. हे तक्रारीत घातलं तर मूळ मुद्दा पातळ होईल.

एक_प्रवासी | १०:२८

हे पटत नाही. वीस रुपयांची बाटली साठला विकायची आणि पंख्याचे पैसे म्हणायचे!

तंदूरवाला | १०:३४

अकरा वर्षं हॉटेलात काढली, त्यातली सहा कॅप्टन म्हणून, म्हणून लिहितो. ताई, शनिवारची रात्र, चौदाचं टेबल आणि सगळं एकदम आलं म्हणजे कॅप्टनने एकच केओटी मारली. केओटी म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी. मोठ्या टेबलाला स्टार्टर आधी पाठवायचे आणि भाज्यांची चिठ्ठी होल्डवर ठेवायची असते. निम्मी ताटं रिकामी झाली की कॅप्टनने आत जाऊन "आता मेन कोर्स सोडा" म्हणायचं. गर्दीत तेवढी फेरी मारायचा कंटाळा केला की सगळं एकत्र निघतं. मग तंदूरच्या रोट्या भाजीची वाट बघत किचनच्या खिडकीत पडून राहतात. दहा मिनिटांत त्या चामड्यासारख्या होतात. घडी घातलेली रोटी उलगडताना तुटली नाही, वाकली, असं झालं होतं ना?

पुढच्या वेळी दहाच्या वर माणसं असतील तर ऑर्डर आदल्या दिवशी सांगा. आणि पदार्थ बिघडलेला वाटला तर दोन घासांवर थांबून लगेच कॅप्टनला वास घ्यायला सांगा. अर्धं ताट संपल्यावर किचन ऐकत नाही.

एक सांगतो, वेटरला फार बोलू नका. सर्व्हिस चार्ज त्या पोराच्या हातात पडतोच असं नाही. मी एका ठिकाणी होतो तिथे त्यातून फुटलेल्या प्लेटांचे पैसे वळते करायचे.

अनघा_पुणे | १०:४३

अगदी तस्संच झालं. रोटी ओढली तर ताणली जात होती. पनीरचं आम्ही लगेच सांगितलं होतं. कॅप्टन म्हणाला, "ग्रेव्हीत दही आहे, म्हणून वाटतंय." पण तुकडा धुऊन हुंगला तरी वास येत होता, आणि मधून तोडला तर आतून बुळबुळीत.

ज्ञानदा_एम | १०:४७

ते बनावट पनीर असणार. एक सोपी टेस्ट आहे, टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकायचा, निळं-काळं झालं की भेसळ. मी हल्ली पर्समध्ये बाटली ठेवते.

तंदूरवाला | १०:५२

आयोडीनने स्टार्च कळतो. ताईंच्या पनीरची तक्रार शिळं असल्याची आहे, भेसळीची नाही. खरं चांगलं पनीरसुद्धा फ्रीजबाहेर राहिलं की आंबतं आणि त्यावर आयोडीन टाकून काहीच दिसणार नाही. शिवाय ग्रेव्हीत कॉर्नफ्लॉवर असेल तर तुमचा थेंब उगाच निळा होईल.

ज्ञानदा_एम | १०:५५

निदान काहीतरी कळतं तरी. मला दोनदा निळं आलंय.

सदाशिवकाका | १०:५८

पनीरसाठी ग्राहक हेल्पलाइन नाही, अन्न व औषध प्रशासन. टोल फ्री १८००-२२२-३६५. बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, म्हणजे हॉटेलच्या अन्न परवान्याचा नंबर शोधा, १ जानेवारी २०२२पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. कालचं पनीर काही सापडायचं नाही, पण अन्न सुरक्षा अधिकारी किचनमध्ये जाऊन स्वतः नमुना घेऊ शकतो. कोणाला त्रास झाला का घरी? आणि तुम्ही अजून सांगितलं नाहीत, अकरा वाजता उत्तर कोणाला?

अनघा_पुणे | ११:१२

सॉरी, हे आधीच लिहायला हवं होतं. काल घरी आल्यावर मी मॅपवर एक स्टार देऊन फोटोंसकट रिव्ह्यू टाकला. आज संध्याकाळी त्यांच्या मॅनेजरचा फोन आला. रिव्ह्यू काढला तर सर्व्हिस चार्ज परत करतो, उद्या अकराच्या आत कळवा, नाहीतर काही मिळणार नाही. नवरा म्हणतो, काढून टाक, हजार रुपये घे आणि विषय संपव. मला ठरवता येत नाहीये.

नंबर बिलाच्या तळाशी सापडला, काका. त्रास कोणाला नाही. भाच्याचं पोट सकाळी थोडं दुखत होतं, आता खेळतोय.

रांगडा_कोल्हापूरकर | ११:१५

हे आधी सांगायचं की ओ! अजिबात काढायचा नाही.

मंजिरी_डोंबिवली | ११:१७

मी काढला असता. हजार रुपयांत साडीचं ड्रायक्लीन होऊन उरतील. मनस्ताप किती करून घ्यायचा?

निषाद | ११:२४

या दोन गोष्टी एकमेकांत अडकवू नका. १,०१२ तुमचेच आहेत, ते मिळवायला तुम्ही बदल्यात काही देणं लागत नाही. मॅनेजरला फोनवर उत्तर देऊ नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: बिल क्रमांक, तारीख, किती जास्त घेतले, कोणत्या सूचनांविरुद्ध, किती दिवसांत परत हवेत. रिव्ह्यूत जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच असू द्या. "भेसळ करतात", "चोर आहेत" असं काही लिहिलं असेल तर ते आजच काढा.

नाहीच दिले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, मुदत दोन वर्षं. म्हणजे उद्याचे अकरा ही त्यांची मुदत, तुमची नाही.

तंदूरवाला | ११:३०

मालकाशी बोला, मॅनेजरशी नाही. रिव्ह्यू आला की मॅनेजरला मालकाकडून बोलणी बसतात, म्हणून त्याची घाई. बऱ्याच मालकांना टेबलावर काय झालं ते माहीतही नसतं. दुपारी साडेतीन ते साडेपाच जा, त्या वेळी किचन थंड असतं आणि मालक गल्ल्यावर हिशोब बघत बसलेला असतो.

अनघा_पुणे | सोमवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार, विशेषतः निषाद, काका आणि तंदूरवाला दादा.

रिव्ह्यूत मी "विषारी पनीर" असा शब्द लिहिला होता, तो रात्रीच बदलून "आंबूस वासाचं" केला. सकाळी दहाला निषादने सांगितलं तसा मेसेज पाठवला. उत्तर नाही. चार वाजता भावाला घेऊन गेले. मालक खरंच गल्ल्यावर होते, साठीचे गृहस्थ. बिल ठेवलं, हिशोब दाखवला. त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर पुन्हा केला आणि १,०१२ यूपीआय केले. रिव्ह्यूचा त्यांनी विषयही काढला नाही. पनीरचं सांगितलं तेव्हा मात्र आतून कोणालातरी बोलावून शनिवारचा माल कधी आला होता ते विचारलं. तो पोरगा खाली बघत म्हणाला, गुरुवारी. मालक यावर काहीच बोलले नाहीत. साडीच्या ड्रायक्लीनचं बिल आणून द्या म्हणाले.

रिव्ह्यू ठेवलाय. शेवटी "जास्त घेतलेले पैसे मालकांनी परत केले" ही ओळ घातली. अन्न व औषध प्रशासनाला फोनही केलाय, गुरुवारचं पनीर शनिवारी लहान मुलांच्या ताटात आलं म्हणून. भाऊ म्हणतो, पैसे मिळाल्यावर कशाला? मला ते पटलं नाही.

बाबांना सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, "त्या वेटर पोराला काढलं नाही ना?"

मंजिरी_डोंबिवली | ९:०२

साडी कोणती होती ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीस!

अनघा_पुणे | ९:०५

नारायणपेठ, मोरपिशी. पावडर लावून ठेवली होती, तेल बरंच निघालं. पिवळं अजून आहे.

एक_प्रवासी | ९:१४

माझ्याही बिलात परवा "स्टाफ वेल्फेअर ७ टक्के" असं होतं. सर्व्हिस चार्ज असा शब्दच नाही. तेही मागता येतं का?

निषाद | ९:२०

येतं. दुसऱ्या कोणत्याही नावाने घेतलेला असला तरी, असं सूचनांमध्येच आहे. बिल आहे का तुमच्याकडे?

एक_प्रवासी | ९:२२

टाकून दिलं.